सात ते अकरा उघडी खानावळ: वेळ कमी केली तर धंदा बसेल का?

या आठवड्याचं पत्र सोलापूरच्या अशोक चौकाच्या भागातून आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून नाव नाही. पत्र लांब आहे, मुद्द्याचं तेवढं देते.

"ताई, आमची चार टेबलांची खानावळ आहे. मी, मिस्टर, आत्या म्हणजे सासूबाई आणि मामा म्हणजे सासरे, एवढी घरची माणसं, आणि भांड्याला एक मावशी. ज्वारीची भाकरी, शेंगा भाजी, पिठलं, वरण-भात, शेंगा चटणी, रविवारी मटण. थाळी १०० रुपये. महिन्याच्या मेसचे १८ डबे आहेत. सकाळी ७ ला शटर उघडतं ते रात्री ११ ला खाली येतं, सुट्टी नाही. दुपारी टॉवेलच्या कारखान्यातली माणसं येतात तेव्हा बसायला जागा नसते, रात्री पण बरी गर्दी असते, पण ३ ते ७ दोन नाहीतर तीन माणसं. मी म्हटलं दुपारी बंद ठेवू तर मामा म्हणतात दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं. मिस्टरांचं उलटंच, सकाळी ६ पासून इडली-पोहे सुरू करू आणि ऑनलाइन ऑर्डर रात्री १२ पर्यंत घेऊ म्हणतात. भाकऱ्या आत्या करतात, त्यांचे गुडघे गेलेत. मुलगी दहावीला आहे, रात्री गल्ल्यावर तीच बसते. मी काही बोलले की धंदा बुडवशील म्हणतात. नक्की किती ते किती ठेवावं?"

ताई, पत्र वाचून पहिल्यांदा मी तास मोजले. सात ते अकरा म्हणजे सोळा तास झाले, आणि हे फक्त शटरचे. त्याआधीची भाजी चिरणं, नंतरचा ओटा धुणं, हिशोब, उद्याचं भिजत घालणं हे यात धरलेलंच नाही. तुम्ही बोललात तर धंदा बुडवशील म्हणतात, पण मला विचाराल तर धंद्याची काळजी त्या घरात सध्या तुम्हीच जास्त करताय, कारण आत्यांचे गुडघे बसले त्या दिवशी तुमची खानावळ बसणार आहे हे बाकी कोणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

तुमचा धंदा भाकरीचा आहे. वेळ ठरवताना सगळ्यात आधी हेच बघायचं आणि नेमकं हेच घरात कोणी बोलत नाहीये. चपातीची कणीक मळून झाकून ठेवता येते, वडापावचं सारण करून ठेवता येतं. ज्वारीचं तसं नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम पाणी घालून तेवढ्यापुरतं मळायचं, लगेच थापायचं, लगेच तव्यावर टाकायचं. मळलेला गोळा ठेवून दिला की थापताना कडा चिरतात, भाकरी फुगत नाही, आणि सोलापूरच्या माणसाला न फुगलेली भाकरी ताटात बघितली की लगेच कळतं. म्हणजे दुपारी साडेचारला एक माणूस आला आणि "काकू, दोन भाकऱ्या मिळतील का ओ" म्हणाला की आत्यांनी उठायचं, तवा तापवायचा, पाणी गरम करायचं, परातीत पीठ घ्यायचं, दोन भाकऱ्या थापायच्या, पाणी फिरवायचं, शेकायच्या, आणि परत सगळं आवरून बसायचं, तोवर पाच-सव्वापाचला दुसरा येतो. एवढं सगळं दोन भाकऱ्यांसाठी. मिस्टरांना आणि मामांना शटर उघडं दिसतं, आत्यांना तवा दिसतो. वेळ ठरवायची ती तव्याची ठरवा.

आता हिशोबाचं. भांडून काही होणार नाही, वही घ्या. दोन आठवडे प्रत्येक ताटापुढे फक्त वेळ लिहायची, बारा वाजून दहा, दोन ताटं, एवढंच. आणि फोनवर जे पैसे येतात त्यांची तर वेळ आधीच नोंदलेली असते, फोनपे म्हणा गुगलपे म्हणा, मागच्या महिन्याचे व्यवहार उघडून बसा, कोणत्या तासाला किती आले ते तासाभरात कळेल. रोख मात्र वहीतच. एक आठवडा पुरत नाही, कारण कारखान्यातल्या माणसांचा पगार हप्त्याला होतो की महिन्याला यावर गर्दी खालीवर होते, पगाराच्या आसपासचे दिवस आणि खिसा रिकामा असतानाचे दिवस दोन्ही वहीत आले पाहिजेत.

तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून मी ढोबळ करून बघितलं. १०० च्या थाळीत समजा सामान, गॅस, सगळं मिळून ६० जातात (तुमचा खरा आकडा तुम्ही घाला) आणि ४० हातात राहतात. ३ ते ७ तीन थाळ्या म्हणजे १२० रुपये. त्या चार तासांसाठी तुम्ही, आत्या आणि मिस्टर असे तिघं अडकून बसलाय, म्हणजे माणसाचे बारा तास. तासाला दहा रुपये! मावशींचा पगार, लाईट, पंखा मी धरलेलाच नाही. हा आकडा मामांपुढे ठेवा, तक्रार म्हणून नको, नुसती वही उघडून ठेवा. जुन्या माणसांना हिशोब कळतो, त्यांनी आयुष्यभर तेच केलंय.

आणि एक गोष्ट जिच्यामुळे मी लांब वेळेच्या विरोधात आहे, ती म्हणजे अन्न. सोळा तास उघडं ठेवलं की काहीतरी कायम तयार ठेवावं लागतं, भात असो, वरण असो, पिठलं असो. शिजवलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरमागरम ठेवायचं नाहीतर ५ अंशांच्या खाली फ्रिजमध्ये, मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं म्हणतात, कारण जंतू तिथेच वाढतात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या स्वयंपाकघरात तर विचारूच नका, अशात एकचा भात सहाला वाढणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पोटाशी खेळ. दोन वेळा थोडं थोडं शिजवलं, दोन्ही वेळा पातेलं रिकामं झालं, तर उरत नाही, टाकावं लागत नाही, आणि चव तर वेगळीच. तुमच्याकडे दुपारी बसायला जागा नसते ती याच्यामुळेच असणार, दुपारचं सगळं ताजं असतं.

तर माझं म्हणणं असं, वही वेगळं काही सांगत नसेल तर जेवण सकाळी साडेअकरा ते तीन आणि संध्याकाळी सात ते दहा. साडेअकरा म्हणजे पहिलं ताट वाढता येईल ती वेळ. तेव्हा कुकर लावायला घ्यायचा नाही. बरेच जण इथेच गडबड करतात, शटर उघडलं म्हणजे दुकान सुरू, आणि मग गिऱ्हाईक येऊन वीस मिनिटं पंख्याखाली बसतं. त्यासाठी चूल साडेनऊला पेटवा, सातला नाही. आणि बंद व्हायची वेळ दोन भागात सांगा, शेवटची ऑर्डर पावणेदहा, शटर सव्वादहा. शेवटच्या ऑर्डरची वेळ नसली की दहाला पाच कमी असताना सहा माणसांची टोळी येते आणि मग तुमचे अकरा काय साडेअकरा वाजतात. पावणेदहा म्हटलं की पावणेदहा, नात्यातला असला तरी. मेसचे डबे १२ ला आणि साडेसातला भरून तयार, ज्याचा त्याने घेऊन जायचा, त्या अठरा जणांसाठी वेगवेगळ्या वेळेला पातेलं उघडायचं नाही.

मग मामांचं काय? त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं ही त्या माणसाची आयुष्यभराची कमाई आहे, त्यावरच तुमची खानावळ उभी राहिलीय. पण परत न पाठवायला दरवेळी चूल पेटवावी लागत नाही, निदान सोलापुरात तरी नाही. आपल्याकडे कडक भाकरी आहे, पातळ थापून कोरडी होईपर्यंत शेकलेली, नीट बंद ठेवली तर कितीतरी दिवस टिकते. शेंगा चटणी आहे. दुपारी ३ ते ७ चूल बंद, पण पुढे एक टेबल, त्यावर कडक भाकरीची पाकिटं आणि चटणीच्या पाव किलोच्या पिशव्या, आणि खुर्चीवर मामा. कोणी आलं की "गरम जेवण सातला, हे घेऊन जावा तोवर", म्हणजे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं नाही आणि आत्या आत आडव्या झाल्या. पुण्या-मुंबईला जाणारी माणसं, पोराला होस्टेलवर पाठवायला घेणारी माणसं, हा माल हमखास नेतात. मामांना बसून करण्यासारखं आणि मानाचं काम पण मिळतं, हे मी मुद्दाम सांगते, कारण वेळ कमी करायची म्हटलं की म्हाताऱ्या माणसाला वाटतं आता आपली गरज संपली.

पाकीट विकायचं तर एवढं बघा की खाद्यपरवान्याची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी केलेली असावी (ती खानावळीला तसंही लागतेच, नंबर १४ आकडी असतो, भिंतीवर दिसेल असा लावायचा) आणि पाकिटावर काय काय घातलंय, वजन किती, कधी भरलं, कधीपर्यंत खावं, हिरवा ठिपका, हे सगळं छापलेलं असावं. त्यांच्या ऑफिसात किंवा परवाने काढून देणाऱ्या माणसाकडे एकदा नीट विचारून घ्या. आणि पावसाळ्यात हवेने कडक भाकरी मऊ पडते, तेव्हा कमी करा, हवाबंद भरा. पाकिटाच्या भाकऱ्या पण आत्यांच्याच गळ्यात टाकायच्या नाहीत बरं का! शेजारपाजारच्या बाया घरी करून देतात त्यांच्याकडून विकत घ्या, नाहीतर गुडघ्याचा त्रास दुपारचा काढून सकाळी घातल्यासारखं होईल.

मिस्टरांच्या इडलीबद्दल स्पष्ट बोलते, नको. इडली सकाळी ६ ला द्यायची म्हणजे आदल्या दिवशी दुपारी डाळ-तांदूळ भिजवायचे, संध्याकाळी वाटायचं, रात्रभर आंबवायचं आणि पहाटे पाचला पात्र चढवायचं, आणि उन्हाळ्यात पीठ लवकर आंबतं, हिवाळ्यात आंबतच नाही, ते तंत्र बसायलाच वेळ जातो. ते करणार कोण, तर तुम्हीच. आणि रात्री १२ ला ऑनलाइनची शेवटची पिशवी बांधणार कोण, तर परत तुम्हीच. मग झोपायचं कधी? मिस्टरांना एक काम द्या, आठवडाभर रोज सकाळी सहाला उठून अशोक चौकापासून अक्कलकोट रोडपर्यंत एक चक्कर मारून या म्हणा, नाष्ट्याच्या गाड्या किती आहेत, कितीला प्लेट देतात, कुठे गर्दी असते ते लिहून आणा. त्यानंतरही त्यांना वाटलं की जागा आहे, तर त्या कामाला पगारी माणूस ठेवून सुरू करू दे, घरच्या त्याच तीन माणसांवर नाही. ऑनलाइनचं म्हणाल तर अ‍ॅपमध्ये वेळ तुम्हीच टाकायची असते, रात्री पावणेदहाला ऑर्डर आपोआप बंद होतील असं लावा. उशिरा घेतलेली ऑर्डर उशिरा जाते, भाकरी गार पोचते, खालच्या स्टारचा शेरा येतो आणि तो वर्षभर तसाच दिसतो. गरम भाकरीचा माल लांब पाठवण्यासारखा नाहीच तसा, त्यात कमिशन कापून काय उरतं तेही वहीत लिहा.

सुट्टी. आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद, यावर मी ऐकून घेणार नाही. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानंतर आठवड्यातून एक दिवस दुकान बंदच ठेवा अशी सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे वार तुमचा तुम्ही ठरवायचा. रविवारी मटण आहे म्हणजे रविवार नाही. माझा अंदाज सोमवारचा, बऱ्याच जणांचा उपवास असतो आणि श्रावणात तर सोमवारी खानावळीकडे फारसं कोणी फिरकत नाही, पण कारखान्यातल्या माणसांना विचारा त्यांची सुट्टी कधी असते, ती ज्या वारी असेल तोच वार धरा, निम्मं गिऱ्हाईक तसंही येणार नाही. मेसवाल्यांना सुट्टीच्या आदल्या रात्री कडक भाकरी आणि चटणी बांधून दिली तर कुरकुर होणार नाही, किंवा महिन्याचे पैसे तेवढे कमी करा, जे ठरेल ते आधी सांगून.

वेळ वर्षभर एकच ठेवायची गरज नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारी दोननंतर रस्त्यावर माणूस नसतो, तेव्हा अडीचला बंद करा आणि रात्री साडेसात ते साडेदहा करा, ऊन उतरल्याशिवाय लोक घराबाहेर पडत नाहीत. जानेवारीत गड्डा असतो, संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, अक्षता, सगळं गाव तिकडे असतं आणि रात्री होम मैदानावरच खाऊन येतं. ते दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि आत्यांना अक्षतेला घेऊन जा. पण असा कुठलाही बदल आठ दिवस आधी बोर्डावर, मेसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि गुगल मॅपवर, तिन्ही ठिकाणी टाकायचा. मॅपवर सणावाराची वेगळी वेळ टाकायची सोय असते, फुकट आहे, मुलीला सांगितलं तर पाच मिनिटांत करेल. मॅपवर उघडं दाखवतंय आणि माणूस जुळे सोलापुरातून गाडी काढून आला नि शटर बंद, तो परत येत नाही.

ठरलेली वेळ पाळणं, एवढंच खरं काम आहे ह्यात, आणि तेच अवघड आहे. पहिला महिना त्रास होईल. चारला शटर वाजेल, "वहिनी, बघा की काय हाय का". अर्धं शटर ठेवू नका. अर्ध्या शटरखालून लाईट दिसला की माणूस वाकून आत बघतोच आणि एकदा त्याला ताट वाढलं की तो उद्या चार मित्रांना घेऊन येतो. पुढे मामा आणि पाकिटं, आत जायचं दार बंद, स्वयंपाकघराचा लाईट बंद. आणि तुमच्या बाजूनेही तितकंच कडक राहायचं, साडेअकरा म्हटलं तर साडेअकराला तवा तापलेला पाहिजे, लग्न असो पाहुणा असो. गिऱ्हाईक कमी वेळेला रागवत नाही, कधी उघडं कधी बंद असं असलं की मात्र तुटतं. कारखान्यातल्या माणसाला जेवायची सुट्टी ठरलेली असते, तो त्यात तुमच्यापर्यंत येऊन, जेवून, परत जातो, त्याला एकदा जरी शटर बंद दिसलं तर दुसऱ्या दिवसापासून तो दुसरी खानावळ धरतो.

मुलीला गल्ल्यावरून आजच उठवा. हे वेळापत्रक ठरायची वाट बघू नका. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, दिवस जाताना कळत नाहीत. गल्ल्यावर मिस्टर बसतील, नाष्टा सुरू करायची ताकद आहे म्हणजे रात्रीचा गल्ला जमेलच.

घरात बोलताना कायमचं म्हणून बोलू नका, दोन महिने करून बघू म्हणा. वही तशीच चालू ठेवा, दोन महिन्यांनी आधीचा महिना आणि नंतरचा महिना शेजारी शेजारी ठेवून चौघांनी बसून बघा. विक्री थोडी कमी आणि हातात राहणारे पैसे तेवढेच किंवा जास्त असं बहुतेक दिसेल, पण उलटं दिसलं तर मामांचं ऐका, मोकळ्या मनाने.

सुरुवात महिन्याच्या एक तारखेपासून करा, मेसचे पैसे तेव्हाच येतात, नवीन वेळ सांगून पैसे घेतले की नंतर वाद नाही. बोर्ड मोठ्या अक्षरात, तुमच्या भागात लागेल तर खाली तेलुगूत पण: जेवण ११.३० ते ३, संध्या. ७ ते १०, शेवटची ऑर्डर ९.४५, सोमवार बंद. आणि हे सगळं ठरवायच्या आधी मावशींना विचारा, त्यांची दुसऱ्या घरची कामं तुमच्या वेळेवर बसवलेली असणार, त्यांना तीनला आणि रात्री दहाला यायला जमतंय का ते बघूनच बोर्ड रंगवायला टाका.